जुळतो म्हणजे तोच नव्हे

"मॅडम, हात तसाच ठेवा. हलवू नका."

शहारे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. १९९९ चा जून होता. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझा पहिला दिवस, आणि हजेरीपटावर सही करायला मी हात पुढे केला होता. समोरच्या खुर्चीतला सडपातळ, कपाळावर उभी आठी असलेला माणूस उठला. त्यानं शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. मधोमध मसुरीच्या दाण्याएवढं भोक होतं. ते भोक त्यानं माझ्या अंगठ्याच्या नखावर धरलं आणि वाकून बघू लागला.

"खिडकीपाशी या जी."

मी गेले. आजही सांगता येत नाही का गेले. आवाजच तसा होता, डॉक्टर म्हणतो ना 'जीभ दाखवा', तसा. खिडकीच्या उजेडात त्यांनी पुन्हा पाहिलं, मग मला ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि विचारलं, "नेलपॉलिश कोन्या कंपनीची?"

"गोंदियाच्या बाजारात घेतली होती. कंपनी नाही आठवत."

"उद्या बाटली आनजा. तुमाले नवी घेऊन देतो." एवढं बोलून ते तासाला निघून गेले. शेजारच्या बाईंनी मला समजावलं, "चित्रकलेचे आहेत. मनावर नका घेऊ." मी रागानं गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आले. न आणायची हिंमत झाली नाही.

ती बाटली कशाला हवी होती ते पंधरा दिवसांनी कळलं. बाजाराच्या मागं त्यांचं कौलारू घर होतं. वहिनींनी, म्हणजे शांताबाईंनी, मला मागच्या खोलीत नेलं आणि मी दारातच थांबले. भिंतीला लागून एक लांब फळी, आणि फळीवर माणसं. मातीची, बोटाच्या दीड पेराएवढी. बसलेली, उभी, लेकरू कडेवर घेतलेली, टाचा उंचावून पुढं बघणारी. सगळी पांढऱ्या कपड्यांतली. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जमलेली गर्दी सर एकेक माणूस करून उभी करत होते. त्यांचे आई-बाप त्या गर्दीत होते.

"अन् स्टेज?" मी विचारलं.

"स्टेज सगळेच बनवतात जी. गर्दी कोनी बनवत नाई."

त्या सगळ्या पांढऱ्यात एकच बाई काळपट लाल लुगड्यात होती. लुगडं अर्धंच रंगवलेलं.

"ही माझी माय," सर म्हणाले. "तिच्यापाशी पांढरं लुगडं नव्हतं. शेजारनीले मांगतलं, भेटलं नाई. तरी गेली. मरेपर्यंत सांगत होती, लाखो लोकाइत मी एकटीच लाल दिसून राहिली होती म्हनून." मग त्यांनी एक इवलासा डबा दाखवला. रंग आत दगडासारखा वाळला होता. "हा रंग तिच्या लुगड्याचा. मायनं सोता हात ठेवून सांगतलेला. आता ही कंपनी इकडे येनं बंद झाली. सात महिने झाले, अर्धं लुगडं तसंच आहे."

माझ्या नखावरचा रंग त्या लुगड्याला जुळत होता. तिन्ही उजेडांत.

तीन उजेड हा त्यांचा कायदा होता. ऊन, ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब. "एका उजेडात जुळला थो पाहुना, तीन उजेडात जुळला थो घरचा," असं ते म्हणत. विमानाच्या खेळण्यांसोबत मिळणारे ते छोटे परदेशी डबे पूर्वी नागपूरच्या एका दुकानात येत, ते थांबले तेव्हापासून त्यांचं हे सुरू झालेलं. एका कंपनीचा रंग गेला की दुसरीकडे त्याचा जोडीदार शोधायचा. पोस्टर कलर, कापडाचे रंग, पाट्या रंगवणाऱ्यांचा ऑइल पेंट, गेरू, बुटाचं पॉलिश, काही वर्ज्य नव्हतं. प्रत्येकाचा एक पट्टा जाड आणि एक पातळ काढायचा, आठ दिवस वाळू द्यायचा, मग पुठ्ठ्याच्या भोकातून पाहायचा, कारण शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. डब्यावरच्या नावावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा एका डब्यावर 'त्वचेचा रंग' असं लिहिलेलं पाहून ते स्टाफरूममध्ये कडाडले, "हा कोनाच्या अंगाचा रंग हो? आमच्या गावात असा एक बी मानूस दाखवा!" डबा गुलाबी होता.

ते प्रेमळ वगैरे नव्हते. मुलांनी आभाळ निळं रंगवलं की वही परत फेकत. "बाहीर जाऊन पाहून ये, मंग रंगव." पोरं त्यांना भीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं तिच्यावर उभं आहे. शाळेत प्रदर्शन होतं. सर कधी नव्हे ते आपली गर्दी घेऊन आले, हॉलमधल्या टेबलावर सकाळपासून एकेक माणूस लावत बसले. तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचे धाकटे भाऊ आले. त्यांची राईस मिल होती, सगळे त्यांना छोटे मालक म्हणत. पाहुण्यांच्या चहाला जागा कमी पडते म्हणून त्यांनी बोट दाखवलं, "हे बाहुल्याबिहुल्या तिकडं न्या, सायकल स्टँडवर." टेबल बाहेर गेलं. दुपारी पोरांच्या सायकलींची अख्खी रांग कोसळली, ती टेबलावर. तीस-चाळीस माणसं फुटली, कित्येकांचे कपडे खरवडले. तो पांढरा रंगही आता बाजारात नव्हता. पुढचं वर्षभर सर पांढरा शोधत होते. छोट्या मालकांचं नाव निघालं की त्यांच्या कपाळावरची आठी अशी काही खोल जाई की समोरच्यानं विषय बदलावा.

आणि मग ममताचा अपघात झाला.

ममता आमच्या शिपायाची, टेकराम भाऊंची मुलगी. दहावीत होती. दिवाळीनंतरचे दिवस, धान कापणीला आलेलं. गावाहून सायकलनं शाळेत येताना वळणावर एका गाडीनं तिला उडवलं आणि गाडी थांबली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला होता. चार दिवस ती धड शुद्धीवर नव्हती. तिला एवढंच आठवत होतं, "मोरपंखी रंगाची जीप." सायकलच्या मागच्या मडगार्डवर मोरपंखी रंगाचा एक ओरखडा होता, वीतभर लांब.

तालुक्यात मोरपंखी जीप एकच. छोट्या मालकांची. शिवाय तिच्या बंपरला पोचा होता.

लोक पोलीस ठाण्यावर गेले. छोटे मालक म्हणत होते, पोचा जुना आहे. जमादार चांगला माणूस होता, पण कात्रीत सापडलेला. नमुना नागपूरला तपासणीला पाठवायचा तर महिने लागणार, आणि लोक तर फाटकापाशी बसलेले. टेकराम भाऊच म्हणाले, "आमच्या शहारे सरांले बोलवा. रंगातलं त्यांच्याएवढं कोनाले समजत नाई." छोटे मालकही हो म्हणाले. त्यांचा नाइलाज होता.

आम्ही पाच-सहा शिक्षक सरांसोबत गेलो. सकाळचे दहा वाजलेले. ठाण्याच्या आवारात जीप, तिच्यासमोर ती वाकडी सायकल, आणि भोवती दीडएकशे माणूस. सरांनी पुठ्ठा काढला. मडगार्डवर धरला, बंपरवर धरला. पुन्हा मडगार्ड. उन्हात रंग इतका जुळत होता की मलाही दिसत होतं. गर्दीत कुणीतरी ओरडलं, "आता आनखी काय पाहून राहिले? थोच आहे!"

सर वळले नाहीत. "जमादार साहेब, एक दुसरं काळं मडगार्ड पायजे."

"कायले?"

"ओरखडा पातळ आहे. बंपरचा रंग जाड आहे. पातळ अन् जाड सोबत पाहाचे नसतात."

एका सायकलचं मडगार्ड काढून आणलं. सरांनी ते बंपरवर जोर लावून घासलं, तसाच पातळ ओरखडा उठला. आता दोन मडगार्डं, दोन ओरखडे. उन्हात सख्खे भाऊ. सर ती दोन्ही घेऊन ठाण्याच्या आतल्या खोलीत गेले. जमादार, छोटे मालक, टेकराम भाऊ आणि मी मागं. सरांनी खिडकी बंद करायला लावली, ट्यूबलाइट लावली.

ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. मी वाकून पाहिलं. जीपचा ओरखडा हिरव्याकडे झुकला होता. सायकलवरचा निळा दिसत होता.

सरांनी दोन्ही मडगार्डांची जागा बदलली, पुन्हा पाहिलं. पिवळा बल्ब मागवला, त्यात पाहिलं. त्या खोलीत छोट्या मालकांचा सर्वांत जुना वैरी तेच होते. 'तोच' एवढा एक शब्द पुरे होता. बाहेरच्या दीडशे माणसांना तोच हवा होता.

"थो नाई," सर म्हणाले. "हा कंपनीचा रंग आहे. सायकलीवरचा कोन्या पेंटरनं हातानं मिसळलेला आहे. उन्हात जुळते. पण जुळते म्हंजे थोच आहे असं नाई."

टेकराम भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. "सर... तुमी तरी..." एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

त्यानंतरचे चार महिने वाईट होते. टेकराम भाऊ सगळ्यांना पाणी देत आणि सरांच्या टेबलाला वळसा घालून जात. सर विकले गेले, असं उघड बोललं जाई. त्यांच्या वस्तीतली दोन वडीलधारी माणसं शाळेतच आली. "त्यानं तुमचं टेबल सायकल स्टँडवर फेकलं, अन् तुमी त्याले वाचवलं? काऊन?"

"मी कोनाले वाचवलं नाई. रंग सांगतला."

छोट्या मालकांचा निरोप आला, या वेळी प्रदर्शनाला पूर्ण हॉल सरांचा. सरांनी निरोप्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "त्यांले सांगजा, जीप त्यांची नव्हती, एवढंच. टेबल त्यांनीच काढलं होतं."

पण सरांना चैन नव्हती. जमादारांच्या परवानगीनं त्यांनी त्या ओरखड्याशी तिन्ही उजेडांत जुळेल असा रंग बनवायला घेतला. दोन महिने लागले. एका कंपनीचा निळा, दुसऱ्या कंपनीचा पिवळा आणि चिमूटभर काळा. "मॅडम," एक दिवस ते म्हणाले, "ज्यानं हा बनवला, त्यालेबी मोरपंखी डबा भेटला नसन. माझ्यासारखंच केलं त्यानं. जोडीदार शोधला." मग पत्र्याच्या पट्टीवर तो रंग लावून ते दर रविवारी गोंदियाला येऊ लागले. गॅरेजमागून गॅरेज. फुलचूरकडची गॅरेजं मला माहीत होती म्हणून एका रविवारी मी सोबत गेले. माझ्या जाण्यानं काही झालं नाही, पण मी तिथं होते.

रस्त्याकडेला टिनाचं शेड होतं. म्हातारा पेंटर मडगार्डला पॉलिश पेपर मारत होता. सरांनी पट्टी पुढं केली. त्यानं चष्मा वर केला, पट्टी उन्हात धरली आणि हसला.

"ये तो मेरा माल है, मास्टरजी. डब्बा नहीं मिला था, दो कंपनी का मिला के बनाया. आपके पास कैसे आया?"

"कोनती गाडी?" सरांच्या तोंडून मराठीच निघालं. मीच हिंदीत विचारलं.

"पुरानी जीप थी. अर्जुनी का लड़का था, नई-नई खरीदी थी. बड़ा पीछे पड़ा, चाचा, रंग एकदम बढ़िया करो. बोला, मेरे जीजाजी ड्राइंग मास्टर हैं, रंग के उस्ताद. उन्हीं को दिखाने ले जा रहा हूँ."

ते जीजाजी माझ्या शेजारी उभे होते. विजय, वहिनींचा धाकटा भाऊ, अर्जुनी मोरगावकडे राहायचा. जीप घेतल्याचं त्यानं कळवलं होतं. मग ती नुकसानीत विकली म्हणूनही कळवलं. सरांनी ती गाडी कधी पाहिलीच नव्हती.

"नाम क्या था?" सरांनी विचारलं. त्यांना ठाऊक असूनही विचारलं. पेंटरनं नाव सांगितलं.

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मी म्हटलं, "सर, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे." का म्हटलं कुणास ठाऊक. सर थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिघांले, मॅडम. ममतालेबी माहीत आहे, तिले रंग आठवते." मग गोरेगावच्या गाडीत चढले. मी खाली उभी राहिले.

घरी काय झालं ते मला पुढं वहिनींनीच सांगितलं. सरांनी आल्या आल्या त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, मी सकाळी ठाण्यावर जातो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"त्या दिवशी थो येनार होता," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यासाठी भात झाकून ठेवला होता. आला नाई. संध्याकाळी पीसीओवरून फोन केला, गाडी बिघडली मने. आवाज रडका होता. मले तवाच विचाराचं होतं. विचारलं नाई मी."

सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "तुमी जायचं नाई. तुमी नेलं तं त्याले पकडून नेलं असं होईन. त्यानं सोताच्या पायानं गेलं पायजे."

"अन् नाई आला तं?"

"तं मंग मी जाईन. तुमी नाई."

सकाळच्या पहिल्या बसनं त्या माहेरी गेल्या. सर त्या दिवशी शाळेत आले, पण शिकवलं नाही. प्रत्येक वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरं पुतळ्यासारखी बसलेली. दुपारच्या सुट्टीत ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले, घंटा झाली तरी आत आले नाहीत. चारच्या सुमारास रस्त्यावरून वहिनी येताना दिसल्या. सोबत विजय होता. तेवीस-चोवीसचा असेल. त्यांनी त्याचा हात धरला नव्हता, तो त्यांच्या दोन पावलं पुढं चालत होता. शाळेसमोरून जाताना त्यानं सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती दोघं ठाण्याच्या रस्त्याला लागली. सर फाटकातच उभे होते. मग त्यांनी चपला नीट केल्या आणि मागोमाग गेले.

विजयनं सगळं कबूल केलं. पोरगी पडलेली दिसली, घाबरला, वळला आणि पळाला. जीप पांढरी रंगवून छत्तीसगडात विकली होती. खटला चालला, शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. सासुरवाडीचं दार सरांना कित्येक वर्षं बंद होतं. वहिनींच्या आईनं मुलीशीही बोलणं टाकलं. ममता वर्षभरानं दहावी झाली, एका पायानं थोडी लंगडते, आज तिचं शिवणकामाचं दुकान आहे.

विजय ठाण्यावर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी टेकराम भाऊ पाण्याचा पेला घेऊन सरांच्या टेबलापाशी आले. पेला ठेवला, पण गेले नाहीत.

"सर, मी तुमाले लय बोललो. पाठीमागून."

"बोलाचंच होतं," सर म्हणाले. "तुमची पोरगी होती."

टेकराम भाऊ रडायला लागले. सरांना त्याचं काय करावं कळेना. ते उठले, त्यांनी तो पेला टेकराम भाऊंच्याच हातात दिला आणि तासाला निघून गेले.

मी पुढं गोंदियाच्या शाळेत बदलून आले. सर निवृत्त झाले. त्यांची गर्दी वाढत होती असं ऐकत होते, पण जाणं होत नव्हतं. शेवटचे भेटले ते २०१२ च्या ऑक्टोबरात, गोरेगावच्या बसमध्ये. गोंदियाला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून चालले होते, उजव्या डोळ्याचं. डावा अजून व्हायचा होता. काळा चष्मा त्यांनी कपाळावर चढवला होता. मी विचारपूस केली, त्यांनी हां-हूं केलं. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, इकडे म्हणतात तशा बांध्या. सर एकदा एक डोळा तळहातानं झाकत, मग दुसरा.

"दुखतं का सर?"

"नाई." त्यांनी हात बदलला. "या नव्या डोळ्यानं पाहतो तं धान हिरवं आहे. जुन्यानं पाहतो तं पिकलेलं. एकच बांधी आहे, मॅडम." पुन्हा झाकून पाहिलं. "किती वर्षापासून असं पिवळं पाहून राहिलो असन मी?"

मी विज्ञानाची बाई. मोतीबिंदूनं भिंग पिवळं पडतं, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. त्यांनाही ते माहीत असणार.

पलीकडच्या सीटवर एक शेतकरी बसला होता, मांडीवर विळे गुंडाळलेलं पोतं. सर त्याच्याकडे झुकले. एवढ्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला रंग विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

"भाऊ, जरा पाहून सांगा. हे धान कसं आहे? पिकलं का?"

त्या माणसानं सरांच्या अंगावरून वाकून बाहेर पाहिलं. "अर्धं पिकलं जी. आनखी आठ दिवस."

"आठ दिवस," सर म्हणाले. मग त्यांनी हात खाली घेतला, दोन्ही डोळे उघडे ठेवले, आणि गोरेगाव येईपर्यंत शेतांकडे पाहत राहिले.